जुन्या मोटारीतील करंट मोजण्याची रीत : ॲमीटर आणि शंट

स्मरणिकेत धम्म, चळवळीचा इतिहास, आरोग्य आणि शिष्यवृत्त्या या विषयांवरचे लेख सभासद दरवर्षी वाचत आले आहेत. त्यात मोटारीच्या वायरिंगवर लेख कशासाठी, असे काहींना वाटेल. परंतु आपल्या वस्तीतील किती घरांची चूल गॅरेजच्या मजुरीवर पेटते हे सभासदांना वेगळे सांगायला नको. आयटीआयला वायरमन किंवा मोटार मेकॅनिक शाखेला गेलेली आपली मुले पुढे कोणत्या तरी उस्तादाच्या हाताखाली काम शिकतात, आणि तेथे मोजण्यापेक्षा अंदाजावर भर असतो. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांकडे विजेचे धोरण आणि कामगारांचे तांत्रिक प्रशिक्षण असे दोन्ही विषय होते, याचीही आठवण या निमित्ताने करून देतो.

लेख लिहिण्याचे तात्कालिक कारण मात्र एक जळालेली जीप आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या सायंवर्गातील एक विद्यार्थी ज्या गॅरेजात कामाला होता, तेथे लग्नाच्या वरातीला जाणारी एक जुनी जीप आली. मालकाने हौसेने मोठे हॅलोजन दिवे, दोन हॉर्न आणि गाणी वाजवायचा ॲम्प्लिफायर बसवून घेतला होता. जुना डायनामो काढून जादा ताकदीचा अल्टरनेटर लावला होता. काम झाले, गाडी गेली, आणि तिसऱ्या दिवशी डॅशबोर्डमागून धूर निघून सगळी वायरिंग जळाली. माणसे वेळेवर उतरली म्हणून बचावली. ठपका आला तो शेवटी पाना हातात धरलेल्या या मुलावर. "नट ढिला ठेवलास," एवढे म्हणून त्याच्या पगारातून पैसे कापले गेले. नट ढिला असेलही. पण एका ढिल्या नटाने गाडी पेटावी अशी रचना मुळात का असते, हा प्रश्न त्या गॅरेजात कोणी विचारला नाही. तो आम्ही वर्गात फळ्यावर मांडला. तेथे जे उत्तर निघाले तेच येथे थोडे विस्ताराने देत आहोत.

दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपच्या डॅशबोर्डवर स्पीडोमीटरभोवती चार लहान गोल मीटर असत : पेट्रोल, तेलाचा दाब, पाण्याचे तापमान आणि ॲमीटर. एमजीच्या जुन्या दोन आसनी गाड्यांत, जग्वारच्या जुन्या मॉडेलांतही ॲमीटर असे. त्याचा काटा मधोमध शून्यावर उभा राहतो. बॅटरीत करंट जात असेल तर तो अधिक बाजूला, आणि बॅटरीतून बाहेर पडत असेल तर उणे बाजूला कलतो. पुढे बहुतेक कंपन्यांनी ॲमीटर काढून नुसता लाल दिवा दिला. आपल्याकडील फियाट-पद्मिनी चालवलेल्यांना तो ठाऊक आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली, तरी हौशी लोकांकडे आणि गॅरेजांत या गाड्या आजही आहेत. लाल दिवा फक्त "चार्जिंग होते की नाही" एवढेच सांगतो. किती होते, हे ॲमीटरच सांगतो. म्हणून जुन्या गाडीच्या मालकाला ॲमीटर हवा असतो, आणि तो बसवून देण्याचे काम आपल्या मुलांकडे येते.

आता जुन्या पद्धतीची वायरिंग पाहा. बॅटरीचा करंट मोजायचा तर तो मीटरमधून गेला पाहिजे, हे उघड आहे. म्हणून जुन्या गाडीत बॅटरीकडून निघालेली जाड वायर बॉनेटखालून, पत्र्याच्या भोकातून, आत डॅशबोर्डपर्यंत येते. ॲमीटरच्या एका बोल्टला लागते, दुसऱ्या बोल्टवरून निघून पुन्हा बाहेर जाते. सेल्फचा करंट तेवढा यातून वगळलेला असतो, कारण सेल्फ फिरताना शेकडो ॲम्पियर लागतात. बाकी दिवे, इग्निशन, वायपर, चार्जिंग, जवळपास सगळे या दोन बोल्टांवरून येते-जाते. बहुतेक जुन्या गाड्यांत या वायरीला फ्यूज नसतो. म्हणजे चालकाच्या गुडघ्यांसमोर, पत्रा आणि कापडी वेष्टणाच्या वायरींच्या गर्दीत, बॅटरीचा पूर्ण जोर असलेले दोन उघडे बोल्ट! कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा हे चालून जाई, कारण त्या काळातील डायनामोच मुळात लहान. ब्रिटिश गाड्यांत सर्रास आढळणाऱ्या लुकास सी-४० डायनामोची ताकद २२ ॲम्पियर. तेवढ्या करंटासाठी मीटर आणि वायर दोन्ही पुरेसे होते.

आता त्या जीपचा हिशेब करू. समजा दिवे, ॲम्प्लिफायर आणि उतरलेल्या बॅटरीचे चार्जिंग मिळून ३५ ॲम्पियर त्या बोल्टांवरून जात आहेत. चांगल्या घट्ट जोडाचा रोध नगण्य असतो. गंजलेल्या किंवा सैल जोडाचा तो ०.०२ ओहम झाला असे धरू. आकडा किती क्षुल्लक दिसतो! पण उष्णता करंटाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३५ चा वर्ग १२२५. त्याला ०.०२ ने गुणले की २४.५ वॅट. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जो सोल्डरिंग आयर्न वापरतात तो २५ वॅटचा असतो. म्हणजे त्या डॅशबोर्डमागे, वायरींच्या जुडग्यात, कोणीतरी तापलेला सोल्डरिंग आयर्न ठेवून दिला होता आणि वर वरात निघाली होती. जुन्या डायनामोवर २० ॲम्पियर असते तर हाच नट ८ वॅट तापला असता. कदाचित बेकलाईटचा वास आला असता, आणि कोणीतरी बॉनेट उघडून पाहिले असते. नट तोच होता. वाढला तो करंट.

यावर उपाय म्हणून काही ठिकाणी ॲमीटरच्या दोन्ही बोल्टांना आडवा एक वायरीचा तुकडा जोडतात, म्हणजे अर्धा करंट तुकड्यातून जातो आणि काटा अर्धे दाखवतो. चालकाने वाचलेला आकडा दुप्पट धरायचा. मीटर यामुळे वाचतो हे खरे, पण सगळा करंट डॅशबोर्डपर्यंत येतोच आणि त्याच बोल्टांवर चढतो. आमच्या मते ही अर्धवट मलमपट्टी आहे. खरा उपाय असा की करंट बॉनेटखालीच राहू द्यावा आणि काट्याकडे फक्त त्याची खबर पाठवावी. ही खबर देणारा भाग म्हणजे शंट.

रेल्वेतील सभासदांना हा शब्द नवा नाही. यार्डात डबे बाजूच्या रुळावर वळवतात ते शंटिंग, आणि हा शब्द तोच. मीटर नाजूक असतो. त्याच्या कॉइलमधून थोडासाच करंट जाऊ शकतो, म्हणून उरलेला प्रचंड करंट बाजूच्या जाड मार्गाने वळवायचा. हा जाड मार्ग म्हणजे धातूची एक आखूड पट्टी. तिचा रोध अतिशय कमी पण नेमका ठरवलेला असतो. पट्टीतून करंट गेला की ओहमच्या नियमाने तिच्या दोन टोकांमध्ये अगदी थोडा दाब उत्पन्न होतो. तो दाब बारीक वायरींनी मीटरकडे न्यायचा.

बाजारात मिळणाऱ्या शंटवर "६० ॲम्पियर, ७५ मिलिव्होल्ट" असे छापलेले असते. अर्थ असा की पट्टीतून ६० ॲम्पियर गेले म्हणजे टोकांवर ७५ मिलिव्होल्ट मिळतील. ७५ ला ६० ने भागले की पट्टीचा रोध १.२५ मिलिओहम, म्हणजे एका ओहमच्या हजाराव्या भागाहून किंचित जास्त. जोडायचा मीटर ७५ मिलिव्होल्टला पूर्ण कलणारा मूव्हिंग कॉइल मीटर हवा. समजा त्याच्या कॉइलचा रोध ७.५ ओहम आहे. तर पूर्ण कलताना तो फक्त १० मिलिॲम्पियर घेतो. ६० ॲम्पियरपैकी ५९.९९ पट्टीतून गेले आणि शतांश ॲम्पियर आत डॅशबोर्डवर आला! सोल्डरिंग आयर्न तापवायला आता तेथे काहीच उरले नाही. पट्टी स्वतः थोडी तापते. ६० ॲम्पियरला ०.०७५ ने गुणले की ४.५ वॅट. म्हणून ती बॉनेटखाली हवा लागेल अशा जागी बसवावी, आणि सतत चालणारा करंट तिच्या छापील आकड्याच्या दोन-तृतीयांशापेक्षा जास्त ठेवू नये. ६० च्या शंटवर सतत ४० पुरे. अल्टरनेटर मोठा असेल तर शंटही मोठा घ्यावा.

ही पट्टी तांब्याचीच का करू नये, असा प्रश्न वर्गात हमखास येतो. तांबे स्वस्त आहे, हाताशी आहे. अडचण उष्णतेची. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. सकाळी २५ अंशांवर असलेले बॉनेट दुपारी ६५ वर गेले की ४० अंशांच्या फरकाने रोध जवळजवळ १६ टक्के वाढला. करंट तेवढाच, पण मीटर ३० च्या जागी ३५ च्या जवळ दाखवणार. यासाठी शंटची पट्टी मँगॅनीन या मिश्रधातूची करतात. त्यात बहुतांश तांबे, सुमारे १२ टक्के मँगॅनीज आणि थोडे निकेल असते. नेहमीच्या तापमानात याचा रोध जवळजवळ हलत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड वेस्टन यांनी तो शोधून काढला, आणि अचूक मीटर बनवणे त्यामुळे सोपे झाले. शंट हातात घेतला तर दोन पितळी ठोकळ्यांमध्ये तपकिरी झाक असलेल्या एक-दोन पट्ट्या सोल्डर किंवा ब्रेझ केलेल्या दिसतील. काही पट्ट्यांच्या कडेला करवतीचा बारीक छेद असतो. तो दोष नव्हे. रोध नेमका जुळवण्यासाठी कारखान्यात तो मुद्दाम दिलेला असतो. विद्यार्थ्यांनी कानस घेऊन तो "साफ" करू नये, असे आम्हाला अनुभवाने लिहावे लागत आहे.

शंटवर दोन मोठे बोल्ट आणि दोन लहान स्क्रू असतात. मोठ्या बोल्टांवर जाड वायरी, लहान स्क्रूंवर मीटरच्या वायरी. घाईत मीटरची वायरही मोठ्या बोल्टाखालीच दाबली जाते, आणि येथेच मोजणी फसते. मोठ्या बोल्टाखाली थिंबल आणि ठोकळा यांच्यामध्ये जोडाचा रोध असतो. तो ०.२ मिलिओहम असला तरी १.२५ पुढे १६ टक्के भरतो. लहान स्क्रू पट्टीच्या अगदी जवळ, त्या जोडाच्या आतल्या बाजूला असतात, त्यामुळे जोडाचा दाब त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. लहान स्क्रूंवरही थोडा रोध असतोच, पण तेथून शतांश ॲम्पियरच जात असल्याने त्याने काही बिघडत नाही. चार टोकांची ही युक्ती एकदा समजली की पुढे कोणत्याही प्रयोगशाळेत बारीक रोध मोजताना उपयोगी पडते.

जागा कोणती, हे सर्वात महत्त्वाचे. शंटच्या एका बाजूला फक्त बॅटरी आणि सेल्फ असावेत. दुसऱ्या बाजूला डायनामो किंवा अल्टरनेटर आणि गाडीचे बाकी सगळे खर्च. मगच काटा बॅटरीची खरी आवक-जावक दाखवील. त्या जीपमध्ये ॲम्प्लिफायर थेट बॅटरीच्या टर्मिनलला लावला होता. असे केले की ॲम्प्लिफायर जो करंट खातो तो अल्टरनेटरकडून शंटमधून बॅटरीच्या दिशेने जाताना दिसतो, आणि काटा "चार्जिंग" दाखवतो. मालक खूश, बॅटरी उपाशी. म्हणून नवीन काहीही जोडताना ते शंटच्या गाडीकडच्या बाजूला जोडावे, आणि त्याला त्याचा स्वतःचा फ्यूज द्यावा.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची अर्थची वायर काढावी आणि बोटातली अंगठी व हातातले कडे उतरवून ठेवावे. शंट बॅटरीच्या जिवंत बाजूला असल्याने त्याखाली फायबर किंवा बेकलाईटचे बैठे हवे, वर झाकण हवे. मीटरकडे जाणाऱ्या बारीक वायरींतून करंट नगण्य जातो, म्हणून फ्यूज कशाला, असे वाटते. पण त्यांच्या मागे पूर्ण बॅटरी उभी आहे. पत्र्याच्या भोकात घासून वायर बॉडीला लागली तर क्षणात लाल होईल. म्हणून शंटपाशीच दोन्ही वायरींना लहान फ्यूज द्यावा आणि भोकात रबरी बूच बसवावे. एक बारकावा येथे आहे. फ्यूजलाही रोध असतो, आणि ७.५ ओहमच्या कॉइलपुढे दोन फ्यूजचे मिळून ०.३ ओहम झाले तर काटा सुमारे ४ टक्के कमी दाखवील. गाडीत ४ टक्क्यांनी बिघडत नाही. आगीपेक्षा ही चूक बरी.

बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे अधिक टोक बॉडीला असते. त्यांत शंट त्याच जागी, म्हणजे बॉडीला न जोडलेल्या बाजूलाच बसतो, फक्त मीटरच्या वायरी उलट होतात. तशी दिशेची काळजी करण्याचे कारण नाही. इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावावे, काटा उणे बाजूला गेला पाहिजे. अधिककडे गेला तर दोन बारीक वायरींची अदलाबदल करावी, जाड वायरींना हात लावायचा नाही. मीटर मात्र मध्यशून्याचा मागून घ्यावा. स्विचबोर्डचा साधा मीटर आणला तर हेडलाइट लावताच काटा डाव्या खुंटीवर आपटून बसेल.

आता काटा काय बोलतो ते ऐकू. १२ व्होल्टच्या गाडीत ४५ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे ९० वॅट, म्हणून साडेसात ॲम्पियर उणे दिसावे. ६ व्होल्टच्या जुन्या जीपमध्ये तेवढ्याच उजेडाला १५ लागतात. नुकती सेल्फ मारून इंजिन सुरू केले की काटा अधिककडे चांगला झेपावतो आणि बॅटरी भरत आली की हळूहळू शून्याजवळ येतो. अर्धा-पाऊण तास गाडी चालवूनही काटा वरच अडून राहिला तर एकतर बॅटरी खराब आहे किंवा रेग्युलेटर. डायनामोची गाडी सिग्नलला मंद फिरत असताना काटा उणेकडे जातो. तो दोष नाही, डायनामो त्या वेगाला काही देतच नाही. इंजिन बंद, किल्ली काढलेली, आणि तरीही काटा जोरात उणे असेल, तर कटआउटचे पॉइंट चिकटले असण्याचा संभव मोठा. बॅटरी उलट डायनामोत रिकामी होत असते. अशा वेळी विचार करत न बसता बॅटरीची वायर आधी सोडवावी.

हीच परीक्षा जुने उस्ताद कशी घेत? चालत्या इंजिनवर बॅटरीचे टर्मिनल काढून. इंजिन चालू राहिले तर "डायनामो ठीक". डायनामोच्या काळात हे खपून जाई. अल्टरनेटरवर हाच प्रयोग केला की बॅटरीचा आधार सुटल्याबरोबर दाब उसळतो, आतले डायोड आणि रेग्युलेटर जातात, आणि चांगला अल्टरनेटर तपासणीतच मरतो. आम्हाला उस्तादांचा अनादर करायचा नाही. त्यांच्या कानाला बेअरिंगचा आवाज जसा कळतो तसा आम्हाला कळत नाही. पण गुरूने सांगितले एवढ्याच कारणाने ते मानू नये, स्वतः पारखून घ्यावे, हे कालाम सुत्तातून आपण मुलांना शिकवतो. गॅरेजात गेल्यावर ते विसरावे असे त्यात कोठे म्हटलेले नाही.

मीटर विकत घेण्याची ऐपत नसेल तर विद्यार्थ्याने साधा डिजिटल मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून शंटच्या लहान स्क्रूंना लावावा. ६० ॲम्पियर, ७५ मिलिव्होल्टच्या शंटवर वाचलेल्या मिलिव्होल्टला ०.८ ने गुणले की ॲम्पियर. हेडलाइटचे साडेसात ॲम्पियर येथे ९.४ मिलिव्होल्ट दिसतील. शंटची मर्यादाही याच प्रयोगात कळते. उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरवणारी गळती बहुधा अर्ध्या ॲम्पियरच्या आतली असते. ०.०५ ॲम्पियरची गळती या शंटवर ०.०६ मिलिव्होल्ट देते आणि मल्टिमीटरला ती दिसत नाही. तेथे बॅटरीची वायर सोडवून मल्टिमीटर १० ॲम्पियरच्या खोबणीत मालिकेने जोडावा, आणि तो जोडलेला असताना सेल्फ चुकूनही मारू नये. मीटर उघडून पाहाल तर त्या खोबणीमागे वाकवलेल्या जाड तारेचा एक तुकडा दिसेल. तोही शंटच.

आणि शंटही नसेल तर? १० चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध दर मीटरला साधारण १.७ मिलिओहम असतो. म्हणजे सुमारे ७३ सेंटिमीटर वायर हाच १.२५ मिलिओहमचा घरगुती शंट. बॅटरीची जुनी वायर त्या मापात घ्यावी, टोकांपासून थोडे आत दोन बारीक वायरींना डाग द्यावा, माप या डागांमधले धरावे. मग एक हेडलाइटचा दिवा लावून त्याचा करंट मल्टिमीटरने आधी मोजावा, नंतर तोच करंट या वायरीतून सोडून मिलिव्होल्ट पाहावेत, आणि गुणकाचा आकडा कागदाच्या चिठ्ठीवर लिहून वायरीलाच बांधावा. तांबे तापले की हा शंट चुकतो हे वर सांगितले आहेच, म्हणून वायर थंड असताना मोजावे.

ज्या मुलाचे पैसे कापले गेले त्याने पुढे असाच एक वायरीचा शंट केला आणि एका गिऱ्हाइकाच्या जीपवर लावून दाखवला. सगळे दिवे व हॉर्न एकदम लावल्यावर आलेला ४१ ॲम्पियरचा आकडा त्याने बिलाच्या मागे लिहिला, आणि डॅशबोर्डमधून जाड वायर काढून टाकण्याची परवानगी मालकाकडून लेखी घेतली.